मीटिंगच्या आधीचा मुरडा आणि शियाओ याओची बाटली

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, मेलबर्नमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी, पोटाचा त्रास दोन वर्षांपासून. कामाच्या दिवशी घरातून निघण्याआधी तीन-तीनदा संडासला जावं लागतं. मीटिंग जवळ आली की बेंबीखाली मुरडा येतो, पातळ होतं आणि मग अर्धा-एक तास बरं वाटतं. शनिवार-रविवारी त्रास जवळपास नसतो. रक्ततपासण्या आणि कोलोनोस्कोपी नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएस (तपासण्यांत दोष न दिसता आतड्यांचं काम बिघडणं) सांगून पाच आठवड्यांपूर्वी सर्ट्रालिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू केली. गेल्या महिन्यात त्रास थोडा वाढलाच आहे. आई पुण्याहून कुटजघन वटी ही आयुर्वेदिक गोळी पाठवते. आणि आता पत्नीच्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने शियाओ याओ वान या गोळ्यांची बाटली दिली आहे. ती घेऊ का, किती दिवस घेऊ, आणि डिसेंबरात पुण्याला गेल्यावर तिथे मिळेल का, हे तुमचे तीन प्रश्न.

मी इथेच मेलबर्नमध्ये चिनी वनौषधींची प्रॅक्टिस करते आणि तुमच्यासारखे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. सरळ उत्तर आधी देते: ती बाटली अजून उघडू नका. औषध चांगलंच आहे, चीनमधल्या सोंग राजवटीतल्या सरकारी औषधालयाच्या संग्रहात त्याची नोंद आहे आणि नऊशे वर्षं लोक ते घेत आले आहेत. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते त्या औषधाचं वाटत नाही, त्याच्या शेजारच्या औषधाचं वाटतं. नाडी आणि जीभ न पाहता मी यापुढे जाऊन ठाम बोलणार नाही, पण तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट इतकी स्पष्ट आहे की तिच्यावर बोलता येतं.

ती गोष्ट म्हणजे क्रम. आधी मुरडा, मग घाईने पातळ, आणि झाल्यावर लगेच आराम. "ताणामुळे पोट बिघडतं" एवढ्यावर चिनी औषध ठरत नाही. ताणाने एकाची भूक मरते, दुसऱ्याच्या ढेकरा थांबत नाहीत, तिसऱ्याला घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं, चौथ्याला चार दिवस साफ होत नाही आणि पाचव्याला तुमच्यासारखं धावत जावं लागतं. डॉक्टरांच्या कागदावर यांतल्या बऱ्याच जणांच्या नावापुढे आयबीएस किंवा ॲसिडिटी एवढंच लिहिलेलं असतं. आमच्याकडे या पाचही जणांना वेगवेगळं औषध जातं. म्हणून पेशंट आला की मी तक्रारीचं नाव बाजूला ठेवते आणि विचारते: आधी काय होतं, मग काय होतं, कशाने थांबतं, जेवणाआधी की नंतर, पहाटे की दुपारी, झोपेतून उठवतं का.

चिनी वैद्यकाची यामागची मांडणी अशी. यकृताचं काम शरीरातला प्रवाह मोकळा ठेवणं, आणि राग, धसका, मनात दाबून ठेवलेली चिडचिड यांनी पहिला अडथळा तिथे येतो. प्लीहेचं काम अन्न पचवून त्याचा रस वर पोचवणं. यकृत तुंबलं की ते प्लीहेवर चाल करतं. (या मांडणीतलं यकृत म्हणजे रक्ततपासणीत दिसणारं यकृत नव्हे. तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि मी "यकृत तुंबलंय" म्हणतेय, यात विरोध नाही.) मिंग काळातल्या वू खुन या वैद्याने १५८४ च्या आपल्या ग्रंथात तुमच्याच तक्रारीबद्दल लिहिलंय, त्याचा आशय असा: जुलाबाचा दोष प्लीहेचा, कळेचा दोष यकृताचा, यकृत जोरात आहे आणि प्लीहा दुबळी आहे, म्हणून कळ येऊन जुलाब होतात. दोन बाजू आहेत आणि औषधाला दोन्हींकडे बघावं लागतं, हे त्यात आलं.

या तक्रारीवरचं औषध म्हणजे तोंग शिए याओ फांग. झू दानशी या चौदाव्या शतकातल्या वैद्याच्या परंपरेतून ते आलंय. त्यात चारच द्रव्यं आहेत आणि त्यांचं जुनं प्रमाण ठरलेलं आहे: बाय जू तीन भाग, बाय शाओ दोन, चेन पी दीड आणि फांग फेंग एक. बाय जू हे प्लीहेला बळ देणारं मूळ. त्याच्या फिकट पिवळ्या चकत्या पूर्वी चुलीतल्या भाजक्या मातीबरोबर कढईत परतत, माती चकतीला धरेपर्यंत. आता बहुतेक ठिकाणी गव्हाच्या कोंड्यात परततात. न परतलेला बाय जू चालत नाही असं नाही, पण पातळ होणाऱ्या पोटाला परतलेलाच मानवतो असा माझाही अनुभव आहे. बाय शाओ म्हणजे पिओनीचं पांढरं मूळ, ते मुरड्यासाठी. चेन पी म्हणजे जुनी वाळवलेली संत्र्याच्या जातीची साल, पोटातला जडपणा आणि गॅस मोकळा करायला. आणि फांग फेंग, एरवी सर्दी-अंगदुखीत वापरलं जाणारं मूळ, इथे थोडंसंच. ते का घातलंय हे विद्यार्थ्यांना लवकर पटत नाही, पण ते काढून औषध दिलं की मुरड्यावरचा परिणाम कमी पडतो असं मला वाटत आलंय.

आता तुमच्या हातातली बाटली. शियाओ याओमध्ये छाय हू (तुंबलेलं मोकळं करणारं मूळ), दांग गुई (अँजेलिकाचं मूळ), बाय शाओ, बाय जू, फू लिंग (पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी) आणि भाजलेलं ज्येष्ठमध असतं, शिवाय थोडं आलं आणि पुदिना. बाय शाओ आणि बाय जू दोन्हींकडे आहेत, म्हणून ही औषधं शेजारी आहेत. पण शियाओ याओचा पेशंट वेगळा दिसतो. थकलेला, फिकट, भूक मेलेली, बरगड्यांखाली ताठरपणा, उसासे टाकणारा. बायकांमध्ये पाळीच्या आधी छाती जड होणं, चिडचिड आणि पाळी पुढेमागे होणं. पोट कधी घट्ट, कधी सैल. दांग गुई रक्ताला पोसतं खरं, पण ते स्निग्ध आहे आणि पोट सैल करतं. ज्याला रोज सकाळी तीनदा पातळ होतंय त्याला दांग गुई असलेली गोळी देताना मी दोनदा विचार करते. मैत्रिणीने दिलेली गोळी तिला स्वतःला लागू पडली असेल, यात शंका नाही.

आणखी दोन चेहरे सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांतल्या कुणाला स्वतःचं ओळखता येईल. वरचं पोट दगडासारखं, ढेकर, बरगड्यांत ताण, आणि पोट साफ न होणं, असं असेल तर छाय हू शू गान सान या औषधाच्या दिशेने विचार होतो. गिळताना काही अडत नाही, पण एरवी घशात गोळा बसल्यासारखं वाटतं, तिथे बान शिया हौ फो थांग हा काढा, जो चांग चोंगचिंग या वैद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या लिखाणातून आला आहे. गिळताना खरोखर अन्न अडत असेल तर मात्र काढ्याच्या नादी न लागता आधी एंडोस्कोपी.

हे सगळं आजच्या शरीरशास्त्राशी जुळतं का, असं तुमच्यासारखा माणूस विचारणारच. शब्दाला शब्द जुळत नाही. पण एक गोष्ट लक्ष वेधून घेते. ताण आला की मेंदूतून सुटणाऱ्या संदेशांनी जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि त्याच वेळी मोठं आतडं वेगाने हलायला लागतं. म्हणजे वर जड, खाली घाई. शिवाय जेवलं की मोठ्या आतड्याला हलायचा इशारा जातोच, सकाळी तो जास्त जोरात असतो. सकाळचा चहा-नाश्ता, ऑफिसची धास्ती आणि ट्रेन पकडायची घाई हे तिन्ही तुमच्या एकाच तासात येतात. आणि इथल्या लोकल ट्रेनमध्ये संडास नसतो हे माहीत असल्यामुळे ती धास्ती दुप्पट होते. माझ्या पेशंटांपैकी कित्येकांचा खरा त्रास मीटिंगपेक्षा त्या ट्रेनचा असतो.

आता पुरावा. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी आयबीएसच्या ११६ पेशंटांवर केलेली चाचणी 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली. तीन गट होते: एकाला सर्वांसाठी सारखं ठरवलेलं चिनी औषध, दुसऱ्याला प्रत्येकाची तपासणी करून बनवलेलं औषध, तिसऱ्याला बिनऔषधी कॅप्सूल. १६ आठवड्यांनी औषधाचे दोन्ही गट बिनऔषधी गटापेक्षा बरे होते. औषध बंद केल्यावर १४ आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तर सुधारणा टिकली होती ती ज्यांना वैयक्तिक औषध दिलं होतं त्यांचीच. हा निकाल आमच्या क्षेत्रात सगळे सांगतात. कमी सांगितला जातो तो २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हाँगकाँगचा निकाल: जुलाबाच्या आयबीएसचे ११९ पेशंट, अकरा वनस्पतींचं एकच ठरलेलं औषध, आठ आठवडे, आणि बिनऔषधी गटाशी काहीच फरक नाही. दोन्ही मांडले तर चित्र प्रामाणिक होतं. आयबीएसमध्ये नुसत्या दिलाशानेही पुष्कळ लोकांना बरं वाटतं, त्यामुळे कुठल्याही औषधाची परीक्षा इथे कठीण असते. मी पेशंटला सांगते की बऱ्यापैकी आशा ठेवायला जागा आहे, खात्री द्यायला नाही.

तुमच्या बाबतीत परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यांतली पहिली सर्ट्रालिन. ही गोळी सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनावर काम करते, शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं आणि जुलाब हा सर्ट्रालिनचा नेहमीचा परिणाम आहे, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. तुम्ही पाच आठवड्यांपूर्वी गोळी सुरू केलीत आणि महिनाभरात त्रास वाढला, हे दोन वेगवेगळ्या वाक्यांत लिहिलंय. मला ते एकत्र दिसतं. गोळी मनाने बंद करू नका, अचानक सोडल्याचे त्रास वेगळे असतात. पण याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करून हे सांगा. कदाचित आणखी थोडं थांबायला सांगतील, कदाचित मात्रा किंवा गोळी बदलतील. हा प्रश्न सुटायच्या आत वर चिनी औषध चढवलं, तर नंतर काय कशामुळे झालं हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

दुसरी गोष्ट, सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी झाली आहे का ते रिपोर्टमध्ये पाहा. गहू खात असतानाच ती करायची असते, आधी बंद करून नाही. भारतवारीनंतर त्रास सुरू झाला असेल तर शौचाची तपासणीही हवी, कारण जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी महिनोनमहिने राहतो. दूध चौदा दिवस पूर्ण बंद करून पाहा, आपल्याकडे मोठेपणी दूध न पचणारे पुष्कळ असतात आणि त्यांना ते माहीतच नसतं. कांदा, लसूण आणि गहू या तिन्हींत आंबणाऱ्या शर्करा भरपूर असतात. त्या कमी करायचा आहार, ज्याला लो-फॉडमॅप म्हणतात, तो याच शहरात मोनॅश विद्यापीठात विकसित झाला. तो आहारतज्ज्ञाबरोबर काही आठवडेच करायचा, जन्मभर नाही. मराठी घरात कांदा-लसूण बंद म्हटलं की स्वयंपाकघर थांबतं, म्हणून मी आधी फक्त प्रमाण आणि वेळ बदलायला सांगते: सकाळी पोहे-उपम्यात कांदा नको, उसळी आणि तुरीची डाळ रात्री न घेता दुपारी, चहा उपाशीपोटी नको. एवढ्यानेही काहींचा निम्मा त्रास जातो. साखरविरहित च्युइंगगम चघळत असाल तर ते पहिल्यांदा थांबवा, त्यातल्या सॉर्बिटॉलने पातळ होतं.

आणि यांपैकी काहीही दिसलं तर कुठल्याही वैद्याकडे जायच्या आधी डॉक्टरांकडे परत जा: शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब. तुम्ही सुट्टीच्या दिवशी बरे असता, हे चांगलं लक्षण आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण "वनस्पतीचं आहे, काय होणार" हे वाक्य मला रोज ऐकू येतं. छाय हू असलेल्या औषधांनी क्वचित यकृताला, या वेळी रक्ततपासणीतल्या यकृताला, इजा झाल्याचं नोंदलेलं आहे. जपानमध्ये १९९० च्या दशकात शियाओ छाय हू थांग हे औषध इंटरफेरॉन या हेपटायटिसवरच्या औषधाबरोबर घेतलेल्या हेपटायटिसच्या पेशंटांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाला आणि काही दगावले. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. तुमच्या घरी चहात ज्येष्ठमध पडत असेल तर तेही हिशोबात धरा. तोंग शिए याओ फांगमध्ये ज्येष्ठमध मुळातच नाही, हा त्याचा एक फायदा. दांग गुई वॉरफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर नको. शियाओ याओचाच एक प्रकार जिआ वेई शियाओ याओ नावाने मिळतो, त्यात झी झी म्हणजे गार्डेनियाचं फळ असतं. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या शिरा कठीण होण्याचा आजार जपान आणि तैवानमध्ये आढळला आहे. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असतात, म्हणून लेबल नीट वाचा.

सगळ्यात दुखावणारी घटना बेल्जियमची आहे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये फांग जी या मुळाऐवजी नावाने जवळचं, पण ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेलं दुसरंच मूळ गेलं आणि शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या बायका वजन कमी करायला गेल्या होत्या. तेव्हापासून कुठली वनस्पती कुठून आली हे विचारल्याशिवाय मी औषध घेत नाही आणि देत नाही. तुमच्या बाटलीवर 'ऑस्ट एल' (AUST L) आणि त्यापुढे क्रमांक छापलेला आहे का बघा. तो असला म्हणजे औषध इथल्या यादीत नोंदलेलं आहे आणि त्यातली द्रव्यं कमी धोक्याची मानली गेली आहेत. परिणामकारकता सरकारने तपासून पाहिली आहे असा त्याचा अर्थ होत नाही. क्रमांकच नसेल आणि बाटली कुणाच्या तरी बॅगेतून आली असेल तर ती टाकून द्या, मैत्रिणीचा मान ठेवूनही.

समजा सर्ट्रालिनचा प्रश्न मिटला, तपासण्या झाल्या, आणि तरी सकाळचा मुरडा आहे. मग चिनी वैद्यकाच्या बोर्डाकडे नोंद असलेल्या कुणाकडेही जा. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून ही नोंदणी देशभर सक्तीची आहे आणि बोर्डाच्या यादीत नाव शोधता येतं. वैद्य तुमची नाडी बघेल. तुमच्या तक्रारीत डाव्या मनगटाच्या मधल्या बोटाखाली ती बहुधा ताणलेल्या तंबोऱ्याच्या तारेसारखी लागते, आणि उजवीकडे त्याच जागी मऊ, दाबली की विरणारी. जीभ फिकट, कडांना दातांचे ठसे. हे दोन्ही जुळलं तर मी म्हणते त्या दिशेलाच औषध जाईल. जिभेच्या कडा लाल आणि वर पिवळा थर असेल, शौचाला जळजळ होत असेल, तर उष्णता आहे आणि औषध बदलेल. दूर बसून हे ठरत नाही ते याचसाठी.

बहुतेक पेशंटांना मी दाणेदार अर्क देते, गरम पाण्यात विरघळवून दिवसातून दोनदा, जेवणाआधी. काढा ज्यांना जमतो त्यांना काढा: द्रव्यं अर्धा तास थंड पाण्यात भिजवून, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, दोनदा उकळून दोन्ही पाणी एकत्र. भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. तुमच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर दोन ते चार आठवड्यांत दिसायला लागतो. पहिला फरक जुलाबांच्या संख्येत दिसत नाही, मुरड्याच्या धारेत दिसतो: कळ येते, पण तिच्यात पूर्वीचा जोर नसतो, आणि तुम्ही दाराकडे धावत नाही. म्हणून वहीत रोज दोनच गोष्टी लिहा, मुरडा किती जोराचा आणि बाहेर पडायच्या आधी कितीदा. चार आठवड्यांत दोन्हींत काहीच हललं नाही तर तेच औषध पुढे ओढण्यात अर्थ नाही. हललं तर दोन-तीन महिने आणि मग हळूहळू कमी. महिन्याने यकृताची रक्ततपासणी करून घ्यायला मी सांगते, बाकी औषधं चालू असतील तर हमखास.

शेजारी आणखी एक मार्ग आहे आणि तो मी स्वतः पेशंटांना सुचवते. आतड्यांसाठीचं संमोहन या शहरात शिकलेले लोक करतात. मोनॅशच्याच २०१६ च्या एका चाचणीत त्याचा परिणाम लो-फॉडमॅप आहाराइतकाच आला. तुमची तक्रार ट्रेनच्या धास्तीशी बांधलेली आहे, म्हणून तुम्हाला त्याचा उपयोग व्हायची शक्यता मला जास्त वाटते. काढा घेताय म्हणून तो मार्ग सोडू नका.

कुटजघन वटीबद्दल. कुटज हे आपल्याकडचं जुलाबावरचं जुनं, जाणतं औषध आहे आणि आईने प्रेमाने पाठवलंय. पण ते आणि चिनी औषध एकाच वेळी घेऊ नका. दोन शास्त्रं एकमेकांच्या विरुद्ध आहेत अशातला भाग नाही, पण दोन्ही मिळून पोट एकदम बांधलं जातं, मग फुगतं, आणि कुठल्या औषधाने काय केलं याचा पत्ता लागत नाही. आयुर्वेदच घ्यायचा असेल तर पुण्यात चांगल्या वैद्याला स्वतः दाखवा. आईला फोनवर सांगून मागवलेली वटी म्हणजे ते दाखवणं होत नाही.

डिसेंबरचं शेवटचं. भारतात आयुष मंत्रालयाच्या पद्धतींत चिनी वनौषधी येत नाहीत. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, पण ती सुयांसाठी, काढ्यांसाठी नाही. त्यामुळे पुण्यात ऑनलाइन कुठे शियाओ याओ दिसलं तरी ते काय आहे हे कोण तपासतं याची तुम्हाला खात्री नसेल. तोपर्यंत औषध सुरू झालेलं असेल तर इथून तेवढ्या आठवड्यांचं, सीलबंद डब्यात, वैद्याच्या चिठ्ठीसह घेऊन जा. काढ्याची सुटी मुळं आणि साली नेऊ नका, विमानतळावर अडचण होईल, आणि परतताना उरलेलं काही आणलंत तर इथल्या जैवसुरक्षा तपासणीत ते जाहीर करावं लागेल. आणि पुण्यात पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत मुरडा कसा आहे ते वहीत लिहा. कामाचा ताण नसताना, आईच्या हातचं खाऊन पोट कसं वागतं, हे तुमच्या वैद्याला परत आल्यावर फार उपयोगी पडेल.